डावा पाय ऑपरेशनचा, उजवा पाय चपलेचा

२०२२च्या गणपतीत माझ्या डाव्या पायातलं जोडवं निघेना. अंगठा दुसऱ्या बोटावर इतका रेलला होता की जोडवं दोघांच्या मध्ये चेपलं जाऊन बोटाला खोल घट्टा पडला होता. साबण लावून झाला, तेल लावून झालं. शेवटी बडोद्याच्या घडियाळी पोळातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराने ते कातरून काढलं. सासूबाई सोबत आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, घरी आल्यावर मात्र माझा पाय मांडीवर घेऊन त्यांनी हळद-तेल चोळलं. तोवर मी माझ्या पायाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर साडेतीन वर्षं मी या पायांमागे आहे. डाव्या पायाचं काम एका हाडांच्या डॉक्टरांनी केलं, उजव्याचं मांडवीजवळच्या एका गल्लीत बसणाऱ्या मोचीकाकांनी. ऑपरेशनला आता चौदा महिने झाले, चपलेला अडीच वर्षं. दोन्हीकडचा अनुभव पुरेसा जुना झाला आहे, म्हणून लिहिते आहे. बडोद्यात माझ्या ओळखीच्याच सात-आठ बायकांना हा त्रास आहे आणि प्रत्येकजण वेगळंच काहीतरी पायाला लावते आहे.

आधी दुखणं काय ते सांगते, कारण मलाच ते उशिरा कळलं. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला टेंगूळ येतं. आपल्याकडे म्हणतात, ‘अंगठ्याचं हाड वाढलंय.’ डॉक्टर त्याला बनियन म्हणतात, कागदावर हॅलक्स व्हॅल्गस लिहितात. मीही वीस वर्षं हाड वाढलंय असंच धरून चालले होते. खरं म्हणजे हाड वाढत नाही, जागेवरून सरकतं. अंगठ्याच्या मागे पावलात जे लांब हाड असतं ते हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने बाहेर झुकतं आणि त्याच्या पुढचा अंगठा उलट, बाकीच्या बोटांकडे वळतो. दोघांमध्ये कोन तयार होतो. त्या कोनाचं टोक म्हणजे आपलं टेंगूळ. वरची कातडी चपलेवर घासत राहिली की खाली पाण्याची पिशवी सुजते, लाल होते आणि टेंगूळ आहे त्याहून मोठं दिसतं. अंगठ्याने आपल्या वाटचं वजन उचलणं सोडलं की ते दुसऱ्या बोटाखाली जातं. माझ्या डाव्या तळव्याला नेमका तिथेच रुपयाएवढा कडक घट्टा होता. त्याला मी कुरूप समजत होते.

हे झालं कशाने? माझ्या आईला होतं, तिच्या आईलाही होतं. पायाची ठेवण घराण्यातून येते, सांध्याचे बंध सैल असले तर जास्त. पण आजीचं टेंगूळ माझ्याहून मोठं असूनही ती कधी पाय धरून बसलेली मला आठवत नाही. दांडिया बाजारातल्या वाड्यात ती जन्मभर अनवाणी वावरली, बाहेर जाताना सैल चप्पल. मी मात्र कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं उभी आहे. तिथे आम्ल सांडतं, काच फुटते, म्हणून बंद बूट सक्तीचे. नियम बरोबरच आहे. चूक माझी की बंद म्हणून मी दर वर्षी त्याच निमुळत्या चोचीच्या काळ्या बेली घेत राहिले, त्याही एक नंबर लहान, कारण सैल घेतल्या तर टाच निघायची. १९५८ साली हाँगकाँगमधल्या दोन डॉक्टरांनी बूट घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या चिनी लोकांचे पाय तपासून तुलना प्रसिद्ध केली होती. बूट घालणाऱ्यांत ३३ टक्क्यांचा अंगठा वळलेला, न घालणाऱ्यांत २ टक्क्यांहूनही कमी. हे वाचलं तेव्हा मला आजी आणि मी शेजारी शेजारी उभ्या दिसलो. ठेवण दोघींची एकच, पण बेली फक्त माझ्या पायात.

जोडवं कापल्यानंतरचं पहिलं वर्ष फुकट गेलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड तपासायला सांगितलं आणि ते योग्यच होतं, कारण गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीचा, झटका बहुतेकदा याच सांध्यात येतो. पण गाउट रात्रीतून येतो, सांधा तापून लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसत नाही. माझं दुखणं दिवसभर उभं राहिल्यावर वाढायचं आणि बूट काढले की उतरायचं. रिपोर्ट साफ आला. मग मी मोबाइलवर दिसेल ते मागवत गेले.

सिलिकॉनची बोटांमधली फट राखणारी गादी, अडीचशे रुपयांची. ही वाईट नाही. अंगठा आणि दुसरं बोट एकमेकांवर घासत नाहीत, तेवढं सुख मिळतं. पण जाड घेऊ नका. माझी पहिली इतकी जाड होती की अंगठा जागेवर राहिला आणि दुसरं बोटच तिसऱ्यावर ढकललं गेलं. शिवाय ती बुटाच्या आत जागा खाते, म्हणजे आधीच घट्ट असलेला बूट आणखी घट्ट.

रात्री बांधायचा पट्टा, हजार रुपयांना एक कमी. जाहिरातीत आधीचा पाय आणि नंतरचा पाय असे दोन फोटो होते. मी चार महिने न चुकता बांधून झोपले. बांधलेला असेपर्यंत अंगठा सरळ दिसतो, सकाळी सोडला की चहा होईपर्यंत परत होता तिथे. मोठ्या माणसाचं वळलेलं हाड पट्ट्याने सरळ होत नाही, हे मला पुढे दोन डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं. रात्री ताण बसून थोडं मोकळं वाटत असेल तर बांधा. अंगठा सरळ होईल म्हणून एक रुपयाही घालू नका.

आणि कॉर्न कॅप. हे मात्र कळकळीने सांगते. टेंगळावर कुरपाची पट्टी लावू नका. त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कडक झालेली कातडी जाळून सोडवतं. टेंगळावर कडक कातडी नसते, खाली हाड असतं. माझ्या मावशीला मधुमेह आहे, पायाला नीट संवेदना नाही. तिने औषधाच्या दुकानातून ती पट्टी आणून टेंगळावर तीन दिवस ठेवली. जखम झाली ती भरायला अडीच महिने लागले. मधुमेह असेल तर पायाला कुठलीही पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायची नाही. बोट वाचलं, हे मावशीचं नशीब.

आता मोचीकाका.

मांडवी दरवाजाकडून आत गेलं की डाव्या हाताच्या एका गल्लीत त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे सहा बाय आठचं, वर पाटी नाही. भिंतीला लाकडी फर्मे, म्हणजे पावलाच्या आकाराचे साचे, टांगलेले, एकेकावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव. काका सत्तरीचे असतील. माझ्याशी ते गुजराती बोलतात, मी मराठी, आणि दोघांचं चालतं, बडोद्यात असंच चालतं. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने पाठवलं होतं. मी आत जाऊन बेली दाखवली तर त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, ‘‘पग मूको, बेन.’’ जमिनीवर खाकी कागद, त्यावर मला दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभं केलं आणि पेन्सिल उभी धरून पावलाची कड काढली. मग माझी बेली त्या आकृतीवर ठेवली. दोन्ही बाजूंना माझं पाऊल बोटभर बाहेर उरलं होतं.

तेवढं पाहून मला खरंच रडू आलं. इतकी वर्षं मी माझा पाय त्याच्याहून लहान डबीत घालत होते.

ते म्हणाले, ‘‘हाडकुं नहीं नमे बेन, चामडुं नमशे.’’ हाड वाकणार नाही, कातडं वाकेल. पुढच्या अडीच वर्षांत डॉक्टरांच्या तोंडूनही मी याहून नेमकं काही ऐकलं नाही.

त्यांनी चप्पल बनवली ती अशी. अंगठा घालायची कडी नाही, कारण कडी नेमकी टेंगळाच्या खाली रुतते. दोन रुंद पट्टे तिरपे एकमेकांवर टाकलेले, त्यातला पुढचा टेंगळाच्या पुढून जातो, मागचा टेंगळाच्या मागून. टेंगूळ दोघांच्या मध्ये मोकळं. आतून मऊ मेंढीच्या कातड्याचं अस्तर, टेंगळाजवळ एकही शिवण नाही. तळ एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा, तळव्याच्या घट्ट्यामागे एक छोटा उंचवटा, म्हणजे वजन त्या दुखऱ्या जागेवर यायच्या आधीच उचललं जातं. टाचेमागे वेल्क्रोचा पट्टा, त्यामुळे चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागत नाहीत. उंची पाऊण इंच, मागेपुढे जवळजवळ सारखी. किंमत १,४५० रुपये, वेळ बारा दिवस. सातव्या दिवशी अर्धी चप्पल पायात घालून बघायला बोलावलं, तेव्हा एक पट्टा उसवून तीन मिलिमीटर मागे घेतला.

प्रयोगशाळेसाठी बंद बूट वेगळे केले. फर्म्यावर माझ्या टेंगळाच्या जागी कातड्याचे तुकडे एकावर एक चिकटवून त्यांनी आधी फर्म्यालाच टेंगूळ आणलं, मग त्यावर कातडं ओढलं. त्याचे ३,२०० घेतले. रंग काळा, चोच गोल आणि रुंद, बोटं आत हलवता येतात. दिसायला ते नाजूक नाहीत. कॉलेजात एका सहकारी मॅडमनी विचारलं, हे मिस्टरांचे का. विचारू देत. त्या दिवशी मी पाच तास उभी होते आणि घरी येऊन पाय बादलीत बुडवावे लागले नाहीत.

काकांच्या कामातली उणीव सांगायची तर पहिल्या जोडीचा तळ आठ महिन्यांत टाचेकडून झिजला, आणि पावसाळ्यात अस्तर लवकर वाळत नाही. तळ त्यांनी दोनशे रुपयांत बदलून दिला. शिवाय सांगितलेल्या दिवसाच्या पुढे चार दिवस धरावेतच.

तीन महिन्यांत उजवा पाय शांत झाला. टेंगूळ तेवढंच आहे, आजही आहे, पण लाली गेली, सूज गेली, मी त्याला विसरून जाते. डावा मात्र ऐकेना. मोकळ्या चपलेतही सांधा आतून दुखायचा, रात्री झोपेत ठणकायचा आणि दुसरं बोट आता वर चढायला लागलं होतं. काकांनीच एक दिवस डावा पाय हातात घेऊन अंगठा हळू हलवून पाहिला आणि म्हणाले, हे माझ्या हातातलं काम नाही, दाक्तरला दाखवा. आपलं काम कुठे संपतं हे माणसाला कळणं फार मोलाचं असतं. माझ्या लेखी ते पाच पैकी पाच इथेच होतात.

जून २०२४मध्ये मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, पाय आणि घोट्याचंच काम मुख्यत्वे करणारे. हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण तिथल्या काही गोष्टींबद्दल तक्रारही आहे. डॉक्टरांबद्दल मात्र चांगलंच सांगण्यासारखं आहे. त्यांनी पहिली गोष्ट केली ती जुना एक्स-रे बाजूला ठेवला. तो मला झोपवून काढलेला होता. पायावर वजन पडल्याशिवाय हाडं किती सरकतात ते दिसत नाही, म्हणून बनियनचा एक्स-रे उभं राहूनच काढायचा. उभं राहून काढला तेव्हा डाव्या अंगठ्याचा कोन ३८ अंश निघाला, उजव्याचा २४. १५पर्यंत ठीक धरतात. पावलातल्या पहिल्या दोन लांब हाडांमधला कोनही मोजतात. तो साधारण ९पर्यंत हवा, माझा डावा १६ होता, उजवा १२.

मग त्यांनी विचारलं, ‘‘दुखतंय म्हणून आलात की दिसतंय म्हणून?’’ दिसतंय म्हणून आला असतात तर मी परत पाठवलं असतं, असं स्पष्ट म्हणाले. नुसत्या दिसण्यासाठी, किंवा पुढे वाढेल या भीतीने हे ऑपरेशन करत नाहीत. दुखणं असावं, ते रोजच्या जगण्यात येत असावं आणि पादत्राणं बदलून पाहिलेली असावीत. मी काकांची चप्पल दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि उजव्या पायाला आणखी काही नको, हीच चालू ठेवा म्हणाले.

मी भोळेपणाने विचारलं होतं, टेंगूळ तासून टाकता येत नाही का. येतं, पण नुसतं तासलं तर कोन तसाच राहतो आणि अंगठा परत तिकडेच जातो. खरं काम हाड कापून सरकवण्याचं आहे. त्यासाठी शंभरावर पद्धती आजवर लिहिल्या गेल्या आहेत, आणि कोणती निवडायची हे कोनावर आणि सांध्याच्या तब्येतीवर ठरतं. कोन कमी असेल तर हाडाच्या पुढच्या टोकाजवळ व्हीच्या आकाराची चीर देतात, तिला शेव्हरॉन म्हणतात. पावलाच्या मध्यावरचा सांधाच सैल असेल तर तो सांधा कायमचा जोडून टाकतात, ते लॅपिडस. अंगठ्याच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजून संधिवात झाला असेल तर तोच सांधा जोडतात. दुखणं जातं, पण अंगठा तिथून वाकत नाही. हल्ली बारीक छिद्रांतून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत करतात तेही आहे. माझे डॉक्टर ते करतात, पण माझ्या कोनाला त्यांनी उघडी पद्धत पसंत केली.

माझं झालं ते स्कार्फ आणि एकिन. स्कार्फ हा सुतारकामातला शब्द आहे, दोन लाकडी तुळया लांबीला जोडताना जी तिरकी खाच करतात तिचं नाव. अंगठ्यामागच्या लांब हाडाला झेडच्या आकाराचा काप देऊन खालचा तुकडा दुसऱ्या बोटाच्या बाजूला सरकवतात आणि दोन बारीक स्क्रूंनी पक्का करतात. मग अंगठ्याच्या पहिल्या हाडातून पाचरीएवढा तुकडा काढून अंगठा सरळ आणतात, ते एकिन. बाहेरच्या बाजूचे आवळलेले बंधही सोडवतात. माझे वडील सुतारकामाचे शौकीन होते. डॉक्टर कागदावर तो झेड काढत होते तेव्हा मला भीती वाटायची ती निम्मी कमी झाली.

वाईट काय होऊ शकतं तेही त्यांनी न विचारता सांगितलं. अंगठा परत वळू शकतो. सांधा आखडू शकतो. जखमेत संसर्ग होऊ शकतो, हाड जुळायला वेळ लागू शकतो, तंबाखू किंवा सिगारेट ओढणाऱ्यांत तर जास्तच. अंगठ्याच्या आतल्या कडेला बधिरपणा येऊ शकतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. आणि ऑपरेशन नीट झालं तरी पाय पूर्वीसारखा निमुळत्या बुटात घालता येईल असं धरू नका, म्हणाले. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

तारीख ऑगस्टच्या शेवटी ठरली होती. त्याच आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला, अर्धं शहर पाण्यात. आमच्या जिन्याच्या तीन पायऱ्या बुडाल्या होत्या. ओल्या जखमेची कल्पना करून मीच तारीख पुढे ढकलली आणि ते बरं झालं. मग नवरात्र, दिवाळी, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन. थंडीत करावं असं मी आता सगळ्यांना सांगते. जखम भरेपर्यंत पाय कोरडा ठेवायचा असतो, बडोद्याच्या पावसात ते अशक्य.

घोट्याभोवती इंजेक्शनं देऊन फक्त पाऊल बधिर केलं, वर थोडं गुंगीचं औषध. करवतीचा आवाज ऐकू येतो, दातांच्या डॉक्टरांकडच्या यंत्रासारखा, पण दुखत नाही. सव्वा तास लागला. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

इथे माझी तक्रार. ऑपरेशननंतर सहा आठवडे टाचेवर चालायचा एक खास बूट लागतो, ज्याचा पुढचा भाग जमिनीला टेकत नाही. तो हॉस्पिटलात नव्हता. घरी सोडायच्या वेळी आम्हाला कळलं, आणि ह्यांना तीन सर्जिकल स्टोअर फिरून तो आणावा लागला, तोही एक माप मोठा. स्क्रूंचे १८,००० वेगळे धरले आहेत हे बिलावर दिसलं, आधी कुणी बोललं नव्हतं. एकूण बिल १,१८,००० रुपये. विमा कंपनीने पहिल्यांदा कागद परत पाठवले की हे सौंदर्यासाठी आहे का ते कळवा. डॉक्टरांनी दुखणं, कोन आणि आधी केलेले उपाय लिहून दिल्यावर १,०२,००० मंजूर झाले. तुम्ही जाणार असाल तर हे पत्र आधीच मागून घ्या. काकांच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, त्याही जोडल्या. एवढा खर्च झेपत नसेल तर सयाजी हॉस्पिटलात हाडांचा विभाग आहे, तिथे दाखवावं. गर्दी असते, सकाळी लवकर जावं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नाही ती आंघोळीची आणि संडासाची. आमच्या घरी खाली बसायचाच संडास. एका पायाच्या टाचेवर उकिडवं बसता येत नाही. ह्यांनी घाईने खुर्चीचं भांडं आणलं, बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, भिंतीला कडी ठोकली. हे सगळं ऑपरेशनच्या आधी करून ठेवायचं असतं. त्या हॉस्पिटलला मी पाच पैकी साडेतीन देईन. डॉक्टरांना साडेचार.

पहिले तीन दिवस कठीण गेले. गोळ्यांपेक्षा उपयोग झाला तो पाय उंच ठेवण्याचा. दोन उशा नव्हे, तीन, म्हणजे पाऊल छातीच्या वर राहील असं. खाली सोडला की पाच मिनिटांत रक्त उतरून ठणका. दोन आठवडे मी तासातली पाच मिनिटंच पाय खाली ठेवत होते. सासूबाई, वय ८१, मला ताट आणून देत होत्या. मला ते फार लागायचं, त्यांना नाही लागायचं.

दोन आठवड्यांनी टाके काढले आणि अंगठा वरखाली करायचा व्यायाम दिला. हा व्यायाम चुकवू नका. दुखतो म्हणून मी पहिला आठवडा टाळला आणि फिजिओथेरपीच्या बाईंनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, हाड डॉक्टरांनी सरळ केलं, सांधा तुम्हाला मोकळा करायचा आहे. मग मी दिवसातून पाच वेळा केला. सहाव्या आठवड्यात एक्स-रे, हाड जुळताना दिसलं, रुंद बूट सुरू. पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा, गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. सातव्या आठवड्यात कामावर, पण खुर्चीवर बसून. स्कूटर नवव्या आठवड्यात, कारण सिग्नलला डावाच पाय खाली टेकवावा लागतो.

सूज फार रेंगाळते, याची मनाची तयारी ठेवा. तीन महिन्यांपर्यंत संध्याकाळी पाय पुरीसारखा फुगायचा. सहा महिन्यांनी फक्त लांब उभं राहिल्यावर. वर्ष झालं तेव्हा लक्षात आलं की आता नाहीच. अंगठ्याच्या आतल्या कडेला नखाएवढी जागा अजून बधिर आहे. सांधा पूर्वीच्या तीन चतुर्थांश वाकतो. स्क्रू आत आहेत, त्रास नसेल तर काढत नाहीत. कोन आता १२ अंश. तळव्याचा रुपयाएवढा घट्टा आपोआप गेला, याचं मला सगळ्यात नवल वाटलं.

गेल्या नवरात्रात, २०२५च्या, आमच्या शेरी गरब्यात, म्हणजे गल्लीतल्या गरब्यात, मी तीन रात्री खेळले. बडोद्यात गरबा अनवाणीच. पहिल्या रात्री अर्धा तास, तिसऱ्या रात्री दीड. २०२२पासून मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. डाव्या अंगठ्यावर वजन घेऊन गिरकी घेताना पाय कुठे दुखतोय का ते मी शोधत होते, आणि दुखत नव्हता. डिसेंबरात पावागढला गेलो. रोपवेनंतरच्या पायऱ्या चढताना काही नाही, उतरताना डाव्या पायाला थोडा ताण जाणवला.

आता उजवा कधी, असं सगळे विचारतात. उजव्याचं करणार नाही. तो दुखत नाही. दर वर्षी उभं राहून एक एक्स-रे काढायचा असं डॉक्टरांशी ठरलं आहे, यंदा कोन २५ आला, म्हणजे जवळजवळ तिथेच. दुखायला लागला आणि चप्पल पुरेनाशी झाली तर पुन्हा विचार करीन. दोन्ही पाय एकदम करून घेणाऱ्यांना माझा सल्ला आहे की घरात उचलून धरणारं कोण आहे ते आधी मोजा.

दोन पावलं आता एकसारखी नाहीत. डावं अर्ध्या नंबराने अरुंद झालं आहे. मार्चमध्ये काकांकडे गेले, त्यांनी पुन्हा खाकी कागद अंथरला आणि जुना कागद काढून शेजारी ठेवला. डाव्या पायाच्या दोन रेघांमधलं अंतर त्यांनी बोटाने दाखवलं, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, दाक्तर सारो छे, डॉक्टर चांगला आहे. डॉक्टरांना मी हे सांगितलं, ते खूश झाले.

मोठ्या मुलीलाही घेऊन गेले होते. तिची आकृती माझ्या पंचविशीतल्या पायासारखीच आहे, अंगठा आत्ताच जरा आत. तिला दुखत नाही. ऑफिसात घालायच्या तिच्या टोकदार सँडल काकांनी कागदावर ठेवून दाखवल्या, तेव्हा तीही गप्प झाली. तिच्यासाठी रुंद चोचीचे बूट सांगून आलो.

ज्यांना काकांकडे जायचं असेल त्यांनी संध्याकाळी चार ते सात जावं, तेव्हा पाय दिवसभराच्या सुजेसकट मोजला जातो. मोजे घालणार असाल तर तेच मोजे घेऊन जा. रोजची जुनी चप्पल न पुसता न्या, तळ कुठे झिजला आहे ते त्यांना बघायचं असतं. अर्धे पैसे आधी द्यावे लागतात, मोबाइलवरून घेतात. रविवारी बंद. मांडवी दरवाजापाशी उभं राहून कुणालाही ‘फर्मावाळा मोचीकाका’ विचारलं तरी दाखवतात.